थंड केल्यावर विलंबित फ्लुओरेसन्स नाहीसा झाला, म्हणजे तो टीएडीएफच का?

तुमच्या टोल्युइनमधल्या रंगद्रव्याच्या क्षयवक्रात काही नॅनोसेकंदांच्या उतारानंतर मायक्रोसेकंदांची शेपटी दिसते आणि नमुना गोठवल्यावर ती जाते. एवढ्यावरून टीएडीएफ, म्हणजे उष्णतेने सक्रिय होणारा विलंबित फ्लुओरेसन्स, म्हणू नका.

आधी शेपटीचा स्पेक्ट्रम घ्या. पल्सनंतर एखादा मायक्रोसेकंद थांबून उरलेला प्रकाश मोजा. तो तात्काळ फ्लुओरेसन्सच्या पट्ट्यावर नेमका बसला, तर उत्सर्जन सिंगलेटमधूनच (नेहमीचा फ्लुओरेसन्स देणाऱ्या उत्तेजित अवस्थेतून) आहे. लाल बाजूला सरकलेला असेल, तर फॉस्फोरेसन्सची, म्हणजे ट्रिपलेट या कमी ऊर्जेच्या, जास्त टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेतून थेट येणाऱ्या प्रकाशाची, शंका घ्या.

ट्रिपलेटवरून सिंगलेटवर परतायच्या वाटा दोन. इओसिनमध्ये ट्रिपलेट रेणू आजूबाजूच्या उष्णतेवर एकटाच वर चढतो. हा ई प्रकार, म्हणजेच टीएडीएफ. पायरीनमध्ये दोन ट्रिपलेट भेटतात आणि दोघांच्या ऊर्जेवर एकच सिंगलेट तयार होतो; हा पी प्रकार. गोठवल्यावर दोन्ही बंद पडतात. पहिल्यात चढायला उष्णता पुरत नाही, दुसऱ्यात रेणूंना एकमेकांपर्यंत पोचताच येत नाही. तुमची चाचणी फसते ती इथेच.

निकाल लागतो उत्तेजनाच्या तीव्रतेवर. एनडी फिल्टर (प्रकाश ठरावीक पटीत मंद करणारे) बदलत तीव्रता निदान 100 पटींच्या टप्प्यात फिरवा आणि फक्त शेपटीखालचं क्षेत्रफळ मोजून लॉग-लॉग आलेख काढा. उतार 1 आला तर ई, 2 आला तर पी. तात्काळ प्रकाश मोजमापात शिरला तर त्याचा उतार कायम 1 असल्यामुळे खरा 2 झाकला जातो. शिवाय प्रकाश जोरदार असेल तर पी प्रकारातही बहुतेक ट्रिपलेट भेटूनच संपतात आणि उतार 1 कडे झुकतो. म्हणून सर्वांत मंद प्रकाशाकडचे बिंदू सोडू नका, सिग्नल कितीही केविलवाणा असला तरी.

ऑक्सिजन मात्र ट्रिपलेट विझवून सगळ्यात जास्त घात करतो. 4सीझेडआयपीएन (4CzIPN) या टीएडीएफ रंगद्रव्याची शेपटी ऑक्सिजनविरहित टोल्युइनमध्ये सुमारे 5 मायक्रोसेकंदांची असते. हवा असलेल्या द्रावणात ती कितीतरी आखूड होते. 15-20 मिनिटं आर्गॉन सोडणं पहिल्या तपासणीला चालेल, पण आर्गॉन आधी त्याच द्रावकातून न्या, नाहीतर टोल्युइन उडून संहती वाढते. आकडा लिहून ठेवायचा असेल तर गोठवणं, निर्वात करणं, वितळवणं ही फेरी 3-4 वेळा करा. निर्वात पंपाकडची झडप द्रावण पूर्ण गोठलेलं असतानाच उघडा. आणि गोठवायचं ते क्युव्हेटला जोडलेल्या काचेच्या फुग्यात. क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये गोठवलं तर ती तडकू शकते.

शेवटी लेझरचा पुनरावृत्ती दर बघा. 1 मेगाहर्ट्झला दर मायक्रोसेकंदाला नवा पल्स येतो, त्यामुळे 5 मायक्रोसेकंदांची शेपटी सपाट पार्श्वभूमीसारखी दिसते आणि फिटिंगमध्ये गडप होते. दोन पल्समध्ये निदान 10 आयुष्यकाळांचं अंतर हवं. इथे 50 मायक्रोसेकंद, म्हणजे 20 किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमी.