कॅम्पसमधून मोठी आयटी कंपनी आणि स्टार्टअप, दोन्ही ऑफर आहेत. शिक्षणकर्जाचा १२ हजारांचा हप्ता सुरू होणार आहे. कुठे जाऊ?

आधी तुमचे आकडे सुटे करू. हिंजवडीची कंपनी साडेसहा लाख देतेय, बाणेरचा स्टार्टअप अकरा. पण त्यातले चार लाख ईसॉपचे, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्याच्या हक्काचे. ते सहसा चार वर्षांत थोडे थोडे मिळतात आणि वर्षाच्या आत सोडलंत तर शून्य, कारण कंपनी कायद्याच्या नियमांतच किमान एक वर्षाची अट आहे. पुढे ते शेअर घ्यायला पैसे तुम्हीच भरायचे. वर, त्या दिवशी शेअरची किंमत जास्त धरली असेल तर फरकावर पगारासारखा कर, मग विकत घ्यायला गिऱ्हाईक असो वा नसो. म्हणजे खरी तुलना साडेसहा आणि सातची. अकरा हा आकडा नातेवाइकांना सांगायला बरा.

मी दोन्हीकडे राहिलोय. मोठ्या कंपनीत ट्रेनिंगनंतर चार महिने बेंचवर होतो, म्हणजे पगार चालू पण प्रोजेक्ट नाही. सकाळी कार्ड स्वाइप, कॅन्टीनचे दोन चहा, संध्याकाळी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर. मग सपोर्टचं प्रोजेक्ट मिळालं: तक्रारीचं तिकीट आलं की ठरलेली स्क्रिप्ट चालवायची. दीड वर्षात लिहिलेला कोड एका पानात मावला असता. पगार मात्र एकदाही चुकला नाही.

तिथून वीस माणसांच्या स्टार्टअपमध्ये गेलो. पहिल्याच आठवड्यात माझ्या कोडच्या ऐंशी ओळींवर सिनियरने सदतीस कमेंट टाकल्या. एक अजून आठवते: "पेमेंट गेटवेने हाच मेसेज दोनदा पाठवला तर?" तर ग्राहकाच्या वॉलेटमध्ये पैसे दोनदा जमा झाले असते. कॉलेजच्या चार वर्षांत असलं काही कुणी विचारलं नव्हतं. पण तिथेच दुसऱ्या वर्षी दोन महिने पगार थकला, आणि खोलीच्या भाड्यासाठी बाबांना फोन करावा लागला.

कुणीतरी तुम्हाला इन्फोसिस ऐकवेलच: १९८१, पुणे, दहा हजार रुपये. खरंय. पण तिचे सातही संस्थापक आधी पटनी कॉम्प्युटर्समध्ये नोकरी करून मग बाहेर पडले होते.

बाणेरवाल्यांना दोनच गोष्टी विचारा. माझा कोड कोण तपासणार? आणि आज गुंतवणूक आली नाही तर किती महिने पगार निघेल? ताळेबंद एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर शंभर रुपयांत बघता येतो, तोही बघा. तपासणारा माणूस पक्का आणि पैसे वर्षभराचे असतील, तर मी बाणेर घेईन. तुम्ही मात्र सहा हप्त्यांचे ७२ हजार बाजूला पडेपर्यंत हिंजवडी धरा, आणि पहिल्या दिवसापासून डेव्हलपमेंटचं प्रोजेक्ट मागत राहा.

एक राहिलंच. मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर म्हणजे जॉइनिंग नव्हे. २०२२ च्या बॅचमधले कितीतरी जण महिनोन्‌महिने घरी बसले होते. तारीख मेलवर लेखी मागा, आणि ती येईपर्यंत बाणेरला नाही म्हणू नका.