फक्त अशोकमामांसाठी पडेल सिनेमा बघणार असशील तर

जा, बिनधास्त जा. आवडत्या नटासाठी सुमार सिनेमा बघण्यात वेळ वाया जात नाही, फक्त बघायचं कसं ते आधी कळायला हवं.

सगळ्यात आधी अशोकमामांचं, म्हणजे अशोक सराफांचं, उत्तम काम बघून घे. १९७५ चा 'पांडू हवालदार', मग १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. हा माणूस काय करू शकतो ते डोक्यात पक्कं बसलं, की फुसक्या संवादातूनही त्यांनी काय काढलंय ते दिसायला लागतं. आणि बघताना नजर त्यांच्यावर ठेव, विशेषतः दुसरा कुणी बोलत असताना. ऐकणं, थांबणं, अर्ध्या क्षणाने उशिरा वळणारी मान... खरं काम तिथे असतं. कथेच्या मागे लागलास तर चिडचिडच होईल.

नवे लोक हमखास करतात ती चूक म्हणजे सगळ्या ग्रुपला ओढून नेणं. त्यांना तो नट तुझ्याइतका प्रिय नसतो. मध्यंतरापर्यंत टोमणे सुरू होतात आणि तू सिनेमा सोडून त्याची बाजू मांडत बसतोस. पहिल्यांदा एकट्याने जा.

दुसरी चूक, 'पुढच्या आठवड्यात बघू'. मुंबईत न चाललेल्या मराठी सिनेमाचे खेळ झपाट्याने कमी होतात, उरतात ते अडनिड्या वेळेचे. सोमवार ते गुरुवारात सकाळचा खेळ गाठ, तिकीटही बहुधा स्वस्त पडतं. दादर-माटुंग्याकडे आधी चौकशी कर.

सगळी कारकीर्द क्रमाने बघायचा हट्ट सध्या नको. पहिला बघून झाला की कुठला प्रसंग आवडला ते कळव, त्यावरून पुढचा सुचवतो.