पंतप्रधान संसदेला न विचारता युद्ध करू शकतात का?

प्रश्न : युद्धासाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसची संमती लागते म्हणतात. मग तो संमतीशिवाय बॉम्बहल्ले कसे करतो? आणि आपल्याकडे हा अधिकार कोणाचा? आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर यावरून दोन तट पडलेत.
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : अमेरिकी घटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचाच आहे, पण रीतसर युद्धघोषणा 1942 नंतर एकदाही झालेली नाही. 1973 चा कायदा सांगतो, सैन्य लढाईत उतरवलं की 48 तासांत काँग्रेसला कळवा. 60 दिवसांत संमती मिळाली नाही तर लढाई थांबवा, माघारीसाठी फार तर आणखी 30 दिवस. पळवाट आहे ती ‘लढाई’ कशाला म्हणायचं यात. 2011 मध्ये लिबियात 60 दिवस उलटले, तेव्हा आपले सैनिक जमिनीवर नाहीत, म्हणून ही मुदत लागूच होत नाही, अशी भूमिका ओबामा सरकारने घेतली. काँग्रेसने थांबवायचा ठराव केलाच, तर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरतो. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणजे सिनेट या वरिष्ठ सभागृहातल्या शंभरपैकी 34 सदस्य पाठीशी असले तरी त्याचं भागतं.

खरा लगाम पैशाचा. 1973 मध्ये काँग्रेसने कंबोडियावरील बॉम्बफेकीचा पैसा रोखला. ही अट सरकार चालवायला लागणाऱ्या खर्चाच्या विधेयकांनाच जोडलेली होती, त्यामुळे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सही करावी लागली. 15 ऑगस्टला बॉम्बफेक थांबली.

आपल्या घटनेत युद्धाआधी संसदेची संमती घ्या, असं कुठेच म्हटलेलं नाही. सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे (कलम 53), पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात (कलम 74). बहुतेकांची गल्लत होते ती कलम 352 पाशी. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आणि महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी, या अटी आणीबाणीसाठी आहेत, युद्धासाठी नाहीत. कारगिलच्या वेळी आणीबाणी नव्हती, युद्धघोषणा नव्हती, लोकसभाही बरखास्त झालेली होती. राज्यसभेचं खास अधिवेशन घ्या, ही विरोधकांची मागणीही मान्य झाली नाही.

संसदेच्या हातात उरतो तो पैसा. कायद्याने मंजूर झाल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, रुपयाही काढता येत नाही (कलम 114), त्यामुळे लढाई लांबली की सरकारला पुरवणी मागण्या घेऊन लोकसभेत यावंच लागतं. मात्र सरकार लोकसभेतल्या बहुमतावरच उभं असल्याने त्या सहसा अडत नाहीत. आमच्या मते लढाई सुरू होताच ठरावीक दिवसांत संसद बोलावण्याचं बंधन तरी कायद्यात हवं.