धाकधुकीचे इंग्रजी शब्द निवडताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या नोकरीत रुजू होण्याविषयीचा तुझा इंग्रजी निबंध वाचला. मराठी बोलण्यात आपण सर्रास ‘टेन्शन आले’ म्हणतो, म्हणूनच बहुधा तू तीन ठिकाणी ‘आय ॲम टेन्स्ड’ लिहिले आहेस. तेथे ‘टेन्स’ हे विशेषण हवे. आणि होऊ घातलेल्या गोष्टीची धाकधूक सांगायची असेल, तर त्याहून ‘नर्व्हस’ बरा. त्यापुढे ‘अबाउट’ लावावे, कारण ‘नर्व्हस फॉर हर’ म्हटले की तिच्यासाठी आपला जीव खालीवर होतो आहे, असा अर्थ होतो.

‘अँक्शस’ मात्र जपून वापर. आवळणे, गळा दाबणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी त्याचे नाते आहे आणि ‘अँक्शस अबाउट’मध्ये ती घुसमट जाणवतेही, पण त्याच शब्दापुढे ‘टु’ आणि क्रियापद आले की अर्थ आतुरतेकडे झुकतो. ‘आय ॲम अँक्शस टु मीट द मॅनेजर’ हे तुझे वाक्य वाचणाऱ्याला तू साहेबांच्या भेटीसाठी उतावीळ झाली आहेस असेच वाटेल, आणि तुला तर नेमके उलटे म्हणायचे होते.

काही वाईट घडेल अशी नुसती शंका असेल, तर ‘ॲप्रिहेन्सिव्ह’ योग्य. त्याचा सूर थोडा औपचारिक आहे. जे येणार हे ठाऊक आहे आणि तरीही नकोसे वाटते, त्यासाठी ‘ड्रेड’ आहे. ते क्रियापद म्हणून थेट कर्म घेते, ‘आय ॲम ड्रेडिंग द फर्स्ट डे’, मध्ये ‘अबाउट’ नको. ‘ट्रेपिडेशन’ म्हणजे पुढे काय होईल याची धास्ती; हा शब्द लेखनात शोभतो. बोलताना तो वापरणारी माणसे मला जरा नाटकी वाटतात.

वाक्प्रचारांत ‘बटरफ्लाइज’ निरुपद्रवी आहे: मंचावर जाण्यापूर्वी पोटात होणारी कालवाकालव, एवढाच त्याचा अर्थ. ‘कोल्ड फीट’ मात्र साध्या भीतीसाठी नाही. ठरवलेल्या गोष्टीतून ऐनवेळी माघार घ्यावीशी वाटणे, हा त्याचा अर्थ असल्यामुळे, रुजू होण्याच्या आदल्या रात्री तुला ‘कोल्ड फीट’ आले असे लिहिलेस, तर नोकरी सोडण्याचा विचार मनात आला होता, असेच वाचले जाईल. तसे नसेल, तर ते वाक्य बदल आणि सुधारलेला निबंध मला पुन्हा पाठव.

तुझा हितचिंतक