गंगाबलसाठी एवढी पायपीट करावी का?

'फोटोत हिमालयातले सगळे तलाव सारखेच दिसतात, मग काश्मीरच्या गंगाबलसाठी एवढं चालायचं कशाला?' असं तुम्ही विचारलंय. नुसतं निळं-हिरवं पाणी बघायचं असेल तर खरंच नका जाऊ. सोनमर्गहून येणाऱ्या वाटेवर विशनसर, गडसरलाही ते आहे, आणि मला तर गडसरच जास्त देखणा वाटला. गंगाबलला जायचं ते हरमुखसाठी.

५,१४२ मीटरचा हा डोंगर थेट तलावांच्या उशाशी उभा आहे. १८५६ साली सर्वेक्षण करताना टॉमस माँटगोमेरी यावर चढला, तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटरवर त्याला काराकोरमची दोन ठसठशीत शिखरं दिसली. त्याने त्यांची नोंद के-१, के-२ अशी केली. के-१ला माशरब्रुम हे स्थानिक नाव मिळालं, के-२ला मात्र ती खूणच कायमची चिकटली. तलावाकाठून के-२ दिसत नाही हं! मी येड्यासारखा शोधत बसलो होतो.

तिकडची एक दंतकथाही ऐकण्यासारखी आहे. हरमुखवर शंकर-पार्वती राहतात असं मानतात. त्यांच्या दर्शनासाठी एक साधू बारा वर्षं हरमुख चढायला धडपडत होता, पण जमेना. एक दिवस वरून एक गुज्जर आरामात उतरताना दिसला. हरवलेली शेळी शोधायला गेला होता म्हणे. वर एक जोडपं गाईचं दूध काढून कवटीतून पीत होतं. त्यालाही देऊ केलं, पण तो नको म्हणाला, तेव्हा त्यांनी थोडं त्याच्या कपाळाला चोळलं. साधूने हे ऐकून त्याचं कपाळच चाटलं, आणि तिथल्या तिथे नाहीसा झाला.

फक्त गंगाबल करायचा असेल तर नारानागहून चढा. पहिला चढ जंगलातून, चांगलाच दमवणारा. मग त्रुनखोलचं कुरण लागतं. एकूण तेरा-चौदाशे मीटर चढायचंय, तेव्हा एका दिवसात जाऊन येण्याचा नाद नको. मुक्काम नुंदकोलला करा. गंगाबलचं पाणी उतरून या धाकट्या तलावात येतं आणि पुढे वांगथ नाल्याने सिंधला मिळतं (ही झेलमची उपनदी, आपल्या पुस्तकातली सिंधू नव्हे). जुलै ते सप्टेंबर हा काळ बरा.

दुपारनंतर ढग येतात. पहिल्या संध्याकाळी आम्हाला हरमुख दिसलाच नाही, सगळे वैतागलो होतो. पहाटे तंबूची चेन उघडली तर अख्खा डोंगर समोर, वरच्या बर्फावर नुकतं ऊन आलेलं. म्हणून म्हणतो, एक रात्र जास्तीची ठेवा.