बॅकग्राउंडचा माग काढायला शिकायचंय

प्रश्न : माझी मुलगी इंदूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाचं वस्तुमान मोजताना मध्येच येणाऱ्या नको असलेल्या नोंदींवर, म्हणजे बॅकग्राउंडवर, काम करीन म्हणते. मूळ शोध सोडून अशा नोंदींमागे का लागायचं? पुढे पोटापाण्याचं काय? – एक आई

ताई, या प्रयोगांची मजल बॅकग्राउंडच ठरवतं. न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजणारा जर्मनीतल्या कार्ल्सरूहचा कॅट्रिन प्रयोग बघा. ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनच्या बीटा क्षयात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा 18.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. वस्तुमानाची खूण त्या टोकाशी असते आणि तिथे इलेक्ट्रॉन अगदी मोजके. बॅकग्राउंड सेकंदाला 0.01 नोंद धरलं होतं, निघालं कितीतरी पट. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तपासणाऱ्या निर्वात टाकीच्या पंपांतल्या, वायू शोषणाऱ्या गेटर पट्ट्यांतून रेडॉन-219 हा किरणोत्सारी वायू सुटत होता. तो द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या तांब्याच्या बॅफलनी (आडपडद्यांनी) बराच अडवला. उरलेल्या बॅकग्राउंडचं मूळ टाकीच्या भिंतीतलं किरणोत्सारी शिसं-210. त्याच्या साखळीतल्या पोलोनियमच्या अल्फा क्षयाने पृष्ठभागावरून उत्तेजित अणू उडतात आणि भिंतीच्या साध्या उष्णतेनेच त्यांचे इलेक्ट्रॉन सुटतात. डिटेक्टरपर्यंत वेग घेऊन ते खऱ्यांसारखेच दिसतात. 23 मीटर लांबीची टाकी बदलणार कशी? म्हणून विश्लेषणाची पातळीच, म्हणजे टाकीत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तपासली जाते ती जागाच, डिटेक्टरकडे सरकवली. बॅकग्राउंड साधारण निम्म्यावर आलं. 2025 मध्ये न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची 0.45 इलेक्ट्रॉनव्होल्ट ही वरची मर्यादा जाहीर झाली (कणांचं वस्तुमानही ऊर्जेच्या एककात सांगतात), तिच्यामागे ही सगळी मेहनत आहे.

तिची आवड खरी आहे का, हे कॉलेजच्या जीएम (गायगर-म्युलर) काउंटरवर, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर कळेल. किरणोत्सारी स्रोत न ठेवता दहा-दहा सेकंदांच्या 200 नोंदी घ्यायला सांगा. सरासरी आणि व्हेरिअन्स (नोंदी किती विखुरल्या त्याचं माप) जवळपास सारखे हवेत. दहा टक्क्यांचा फरक योगायोगानेही पडतो. व्हेरिअन्स तीस-चाळीस टक्के जास्त आला तर नोंदी झुबक्याने येताहेत : बहुधा व्होल्टेज सरकलंय किंवा एका कणाच्या दोन नोंदी होताहेत. कारण सापडेपर्यंत तिने चिकाटी धरली, तर तिला या वाटेला जरूर जाऊ द्या.

पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी.; आयआयटी इंदूर घरापाशीच आहे. मग नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एक परीक्षा देऊन पीएच.डी. नेट-जेआरएफची शिष्यवृत्ती सुरुवातीला महिना 37,000 रुपये आहे. कॅट्रिनची वस्तुमान-मोजणी 2025 अखेरपर्यंतच आखलेली होती, तेव्हा एका प्रयोगावर मन अडकवू नये. निर्वात तंत्र, डिटेक्टरचं इलेक्ट्रॉनिक्स, पायथनमधली सांख्यिकी हे हातात हवं. इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रातल्या, इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या इंडस-2 सारख्या यंत्रांना अतिउच्च निर्वात लागतो. रुग्णालयात किरणोपचाराकडे वळायचं झालं तर एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा वेगळा डिप्लोमा करावा लागेल. त्याची चौकशी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच करून ठेवा.