वाचक विचारतात : एका बाकावर बसवलं की झालं?

प्रश्न : आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांवर आलेली गरीब घरची मुलं मधल्या सुट्टीत वेगळी बसतात. बाकं बदलली, गटकार्य दिलं, तरी गटात ती गप्पच. इतर पालकांना आपल्या मुलांचा अभ्यास मागे पडेल अशी धास्ती. काय करावं?
– एक शिक्षिका, नाशिक

आधी पालकांची धास्ती. दिल्लीतल्या खासगी शाळांना २००७पासून गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तिथल्या सधन मुलांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या हिंदी-गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. इंग्रजीत थोडी घट दिसली, हेही पालकांना सांगून टाका. मात्र ही मुलं जास्त उदार झाली होती आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब पण वेगवान मुलाला डावलणं कमी झालं होतं. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या अक्षरक्रमानं पाडले जात. तिथं असं दिसलं, की नुसतं एका वर्गात असण्यापेक्षा एका गटात असण्यानं बरंच काही घडतं.

तुमचं गटकार्य फसतं, कारण सगळ्या गटाचा मिळून एकच तक्ता असतो. चुणचुणीत मूल तो एकटं उरकतं, बाकीचे बघत बसतात आणि 'यांना काही येत नाही' हा समज आणखी पक्का होतो. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एकत्र आणलेल्या वर्गांत, यावर 'जिगसॉ' पद्धत काढली. ३० मुलांच्या वर्गात ती अशी बसवा : पाच-पाच जणांचे सहा गट. धड्याचे पाच तुकडे. प्रत्येकाच्या हाती फक्त स्वतःचा तुकडा, पुस्तकं दप्तरात. आता सगळ्या गटांतली एकच तुकडा मिळालेली मुलं एकत्र बसतील आणि पंधरा मिनिटांत तो तुकडा समजून घेऊन सांगायचा सराव करतील. मग आपापल्या गटात परतून प्रत्येकानं बाकीच्या चौघांना शिकवायचं. शेवटी पाचही तुकड्यांवर छोटी चाचणी, प्रत्येकाची स्वतंत्र.

मधला सराव वेळ वाचवायला गाळतात, आणि तिथंच सगळं बिघडतं. इंग्रजी कच्चं असलेलं मूल तयारीविना बोलायला उभं राहिलं, की अडखळतं आणि हसू होतं. सुरुवातीला मराठीतून सांगू द्या. कोणी खिदळलं तर प्रवचन नको. 'त्याच्याकडचा भाग चाचणीत आहे' एवढं पुरे. आरटीईची आठ मुलं असतील तर चार गटांत दोन-दोन घाला. एकटं मूल गटात पाहुणं ठरतं. आठवड्यातून तीन तास, सहा आठवडे, मग नवे गट. आणि वर्गात 'आरटीईची मुलं' हा शब्द उच्चारूच नका.

प्रश्न : गावातल्या चार वस्त्यांचे चार कबड्डी संघ आहेत. सामने एकोप्यासाठी भरवतो, पण दरवर्षी मारामारी होते.
– क्रीडा मंडळाचे कार्यकर्ते, सांगली जिल्हा

होणारच. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं २०१७मध्ये उत्तर प्रदेशात १,२६१ तरुणांना घेऊन प्रयोग केला. क्रिकेटचे काही संघ एकाच जातीचे ठेवले, काही मिश्र. कोण कुठे, हे चिठ्ठीनं ठरलं. मिश्र संघात परजातीतल्या मैत्र्या वाढल्या आणि आपल्या जातीला झुकतं माप देणं कमी झालं. प्रतिस्पर्धी म्हणून भेटणाऱ्यांत मात्र परजातीशी संबंध उलट आटले.

म्हणून वस्तीचा संघच ठेवू नका. प्रत्येक वस्तीतून १२ खेळाडू घेऊन चार संघ करा, प्रत्येकात वस्तीगणिक तीन. चढाईपटू आणि पकडपटू यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा, नाहीतर एक संघ लंगडा पडेल आणि खापर एखाद्या वस्तीवर फुटेल. मैदानातल्या सातांत चारही वस्त्यांचा किमान एकेक हवा. हा नियम नसला तर मोठ्या वस्तीचे खेळतात आणि बाकीचे राखीव बसतात. कर्णधार सामन्यागणिक बदला. साखळी धरणारी जोडी दोन वस्त्यांतली असावी. तिथं हात सोडून चालत नाही.

फार अपेक्षा मात्र नको. इराकमध्ये संशोधक सल्मा मूसा यांनी विस्थापित ख्रिश्चन आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ केले. सहा महिन्यांनीही ख्रिश्चन खेळाडू मुस्लिमांबरोबर सराव करत होते, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी त्यांचं वागणं फारसं बदललं नव्हतं.

प्रश्न : शांतता समिती ईदला आणि गणपतीला बसते. फोटो छान येतात. अफवा आली की कोणी कोणाला फोन करत नाही.
– एक नगरसेवक

भिवंडीत १९७० आणि १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या. १९८८मध्ये तिथं पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या संशोधनाचा कलही हाच : सणाला घरी जाण्यायेण्यापेक्षा व्यापारी संघ, कामगार संघटना अशा संस्थांतली नाती दंगलीच्या काळात जास्त टिकतात.

समितीत पुढाऱ्यांऐवजी दुकानदार, कारागीर, शिक्षक, बाया घ्या. महिन्याचा ठरलेला वार, जागा शाळेची. देवळाची नको, मशिदीची नको. विषय नळाचं पाणी, गटार, पार्किंग. अशा कामातून एकमेकांचे नंबर आपोआप फोनमध्ये येतात. अफवेची खातरजमा करणारी दोन माणसं, दोन्ही बाजूंची एकेक, आधीच नेमून ठेवा.

प्रश्न : चौकात जातीवरून शिवीगाळ झाली. ज्येष्ठ म्हणतात, तक्रार मागे घ्या, गावजेवण घालू, मनं जुळतील.
– एक वाचक

नाही. सार्वजनिक ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातिवाचक शिवीगाळ करणं १९८९च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. नुसत्या सहभोजनानं जात जात नाही, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६मध्येच मांडलं होतं. शिवाय गोड सहवासानं दुबळ्या बाजूची अन्यायाची जाणीव बोथट होऊ शकते, असंही प्रयोगांत दिसलं आहे. तक्रार चालू ठेवा, तिची प्रत स्वतःजवळ ठेवा. जेवण घालायचंच असेल तर निकालानंतर घाला. आणि स्वयंपाक कोण करतो, पंक्तीत कोण वाढतो, तेही पाहा.